पाच सेंटांचं न्यूयॉर्क

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे 1904 साली सुरू झाली तेव्हा भाडं होतं पाच सेंट. त्यानंतर दोन-तीन वर्षांत गल्लोगल्ली लहान चित्रपटगृहं निघाली, त्यांचं तिकीटही पाच सेंट. 1912 मध्ये टाइम्स स्क्वेअरला ऑटोमॅट नावाचं उपाहारगृह उघडलं. तिथे खाचेत पाच सेंटांचं निकेल टाकून दांडा फिरवला की नळातून वाफाळती कॉफी पेल्यात पडायची. 1916 पासून कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर सॉसेजचा पाव पाच सेंटांत मिळू लागला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांतल्या अमेरिकेबद्दल जे जे वाचलं, त्यात हे नाणं मला पुन्हा पुन्हा भेटत गेलं. त्या काळच्या कोट्यधीशांच्या हवेल्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला बघायचं होतं ते ब्लाउज शिवणाऱ्या मुलींचं, हातगाडीवाल्यांचं, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसांचं शहर. ती राहायची कुठे, सुट्टीला जायची कुठे, आणि खिशात पाच सेंट असूनही कुणाला दारातून परत फिरावं लागायचं, हे त्या त्या जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं. भाची जर्सी सिटीत राहते. मे महिन्यात तिच्याकडे गेले, तिने दोन-तीन दिवस रजा काढली आणि आम्ही दोघी फिरायला बाहेर पडलो.

गुरुवार: एलिस बेट

एलिस बेटाला जायला बहुतेक लोक मॅनहॅटनच्या टोकावरून बोट पकडतात. आम्ही जर्सीच्या बाजूने, लिबर्टी स्टेट पार्कमधून गेलो. जमत असेल तर सगळ्यांनी इथूनच जावं. धक्क्याला लागून सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं 1889 सालचं जुनं स्टेशन उभं आहे. बेटावर पास झालेले पुष्कळ लोक न्यूयॉर्कमध्ये राहिलेच नाहीत. ते जर्सीच्या किनाऱ्यावरच्या अशाच स्टेशनांतून गाडीत बसून पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींकडे नाहीतर शिकागोच्या खाटीकखान्यांकडे रवाना झाले. आता फलाटांवरचं लोखंडी छत गंजलंय आणि रूळ होते तिथे झाडं माजलीत. अमेरिकेत शिरण्याचं दार पाहण्याआधी त्या दारातून निघालेली वाट दिसली, हे बरं झालं.

बेटावरचं केंद्र 1892 मध्ये उघडलं. पाच वर्षांत त्या लाकडी इमारती जळाल्या आणि आजची लाल विटांची इमारत 1900 च्या शेवटी वापरात आली. सगळ्यात जास्त गर्दीचं वर्ष 1907. त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं इथून आत गेली, आणि त्या वर्षी 17 एप्रिलला तर एका दिवसात 11,747.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना सहसा बेटावर यावंच लागत नसे. डॉक्टर त्यांना जहाजावरच वरवर तपासून सोडून देत. बेटावर आणायचे ते जहाजाच्या पोटात, सगळ्यात स्वस्त दर्ज्यात दाटीवाटीने आलेल्यांना. तळमजल्यावर गाठोडी ठेवून हे लोक जिना चढून वर येत. ही चढण म्हणजेच पहिली परीक्षा होती. कोण लंगडतंय, कुणाला धाप लागलीय हे डॉक्टर वरून न्याहाळत. काही सेकंदांत निर्णय व्हायचा आणि संशय आला तर कोटावर खडूने अक्षर उमटायचं: हृदयाला एक, डोळ्यांना एक, पायाला एक. मनाची शंका आली तर फुली. सगळ्यात जास्त भीती खुपऱ्यांच्या तपासणीची. बुटाची बटणं लावायचा लोखंडी आकडा घेऊन डॉक्टर पापणी उलटी करून बघत. तो आकडा काचेत ठेवलाय. त्याच्यापुढे एक शाळकरी मुलगा दोन्ही हातांनी डोळे झाकून उभा होता.

वरचं नोंदणीचं दालन प्रचंड आहे आणि आता जवळजवळ रिकामं आहे. छत कमानदार, फरशांचं. स्पेनहून आलेल्या ग्वास्ताविनो घराण्याच्या कंपनीने ते 1918 मध्ये बसवलं. पुढे इमारत बरीच वर्षं ओस पडली, तरी 1980 च्या दशकातल्या दुरुस्तीत 28 हजारांपैकी फक्त 17 फरशा बदलाव्या लागल्या. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातचं काम बाहेरून येणाऱ्यांच्या डोक्यावर इतकं पक्कं टिकलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

इथल्या कारकुनांनी लोकांची नावं बदलून टाकली अशी एक कथा घरोघरी सांगतात. ती खरी नाही. कारकुनांपुढे जहाज कंपनीने निघतानाच भरलेली यादी असे आणि ते ती पडताळून बघत. त्यांच्या जोडीला दुभाषे होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला गार्डिया तरुणपणी इथे दुभाष्याचं काम करत. नावं पुष्कळांनी बदलली, पण स्वतःहून, नंतर, नोकरीसाठी नाहीतर शाळेसाठी.

परत पाठवलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं. पण इथून एक कोटी वीस लाख माणसं गेली, त्याचे दोन टक्के म्हणजे दोन लाखांहून जास्त होतात. एकटी आलेली बाई तर न्यायला नातेवाईक आल्याशिवाय सुटतच नसे.

आपली माणसं या दारातून फारशी आली नाहीत. पंजाबी शेतकरी आणि मजूर पॅसिफिकच्या बाजूने उतरले. आपले वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजेही तिकडेच, पश्चिम किनाऱ्यावर राहून शेतकी शिकले आणि गदर चळवळीत उतरले. 1917 च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, हिंदुस्थानासकट, मजुरांच्या स्थलांतराला बंद झाला. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. पुढच्याच वर्षी युरोपच्या दक्षिण आणि पूर्व भागातून येणाऱ्यांवरही कडक कोटा आला आणि हे दालन हळूहळू रिकामं झालं.

शुक्रवार: ऑर्चर्ड स्ट्रीट

लोअर ईस्ट साइड, मॅनहॅटनमधली स्थलांतरितांची जुनी वस्ती. 97 ऑर्चर्ड स्ट्रीट ही पाच मजली भाड्याच्या खोल्यांची इमारत 1863 मध्ये बांधलेली. 1935 मध्ये मालकाने वरचे मजले बंद केले आणि ते तसेच राहिले. आता तिथे टेनेमेंट म्युझियम आहे. सत्तरेक वर्षांत सुमारे सात हजार माणसं या एका इमारतीत राहून गेली. आत वाटाड्यासोबतच जाता येतं.

एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, मिळून 325 चौरस फूट. खिडकीतून खरा उजेड येतो तो फक्त एका खोलीत. मधल्या स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, तिच्यापलीकडे आंधळी झोपायची खोली. माझे वडील लालबागच्या चाळीत वाढले. त्यामुळे तो अरुंद जिना, मजल्यावरचा सामायिक संडास, आणि घरच्या सहा-सात जणांत भाडेकरू ठेवून निघणारं भाडं, यातलं काहीच मला परकं वाटलं नाही. इथे रात्री खुर्च्या जोडून त्यावर पोरं झोपवत. दिवसा त्याच खोलीत शिवणयंत्रं चालत. मालक, कारागीर, इस्त्रीवाला, आणि शेगडीपाशी रांधणारी मालकाची बायको, सगळे एकाच ठिकाणी.

1901 साली राज्याने भाड्याच्या घरांचा नवा कायदा केला. प्रत्येक खोलीला खिडकी हवी, नव्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला संडास हवा. जुन्या इमारतींच्या मालकांनी कोर्टात धाव घेतली, पण शेवटी त्यांनाही अंधाऱ्या खोल्यांच्या भिंतीत खिडक्या पाडाव्या लागल्या. म्युझियममध्ये अशी खिडकी दिसते. ती बाहेर उघडत नाही, शेजारच्या खोलीत उघडते. आमच्यातल्या एका गृहस्थांना याची गंमत वाटली. मला नाही वाटली. क्षयाने माणसं मरत होती आणि तेवढाही वारा कायद्याने भांडून मिळवावा लागला होता.

बाहेर पडून आम्ही रस्ते तुडवले. हेस्टर स्ट्रीटवर एके काळी हातगाड्यांमुळे चालायला वाट नसे. आता कॉफीची दुकानं आहेत. 1902 च्या मे महिन्यात याच रस्त्यांवर ज्यू बायकांनी मांसावर बहिष्कार टाकला. धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या मांसाचा भाव पौंडाला 12 सेंटांवरून 18 वर गेला होता. बायका घरोघरी फिरल्या, सभा घेतल्या, खाटकांच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या, पोलिसांचा मार खाल्ला, आणि भाव उतरवून दाखवला. यातल्या बहुतेकींना इंग्रजी येत नव्हतं आणि मत तर एकीलाही नव्हतं. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईतल्या बायका बघितलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ईस्ट ब्रॉडवेवर फॉरवर्ड या यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, दैनिकाची 1912 सालची उंच इमारत आहे. आता तिथे महागडे फ्लॅट झालेत, पण दारावर मार्क्स आणि एंगल्सचे चेहरे अजून आहेत. संपादक अब्राहम काहान यांनी 1906 मध्ये वाचकांच्या पत्रांचं सदर सुरू केलं. नवरा सोडून गेला, मुलगी ख्रिश्चन मुलाच्या प्रेमात पडली, बाप जुन्या रीती सोडत नाही, मी समाजवादी आहे तर देवळात जाऊ का, अशी पत्रं यायची आणि संपादक सल्ला द्यायचे. त्या काळचं समाजजीवन कळायला सरकारी अहवालांपेक्षा हे सदर जास्त उपयोगी आहे असं मला वाटतं.

जवळच सिवर्ड पार्क. शहराने 1903 मध्ये इथे मुलांसाठी कायमचं क्रीडांगण केलं, अमेरिकेतलं पालिकेचं पहिलं. त्याच्या कडेला पोलादसम्राट कार्नेगींच्या देणगीतून 1909 मध्ये वाचनालय झालं. खोल्यांत उकडायचं म्हणून वाचनालयाच्या गच्चीवर वाचायची सोय केली होती. शिवणयंत्रावर दिवस काढून आलेल्या मुली गच्चीवर बसून पुस्तकं वाचायच्या, आणि त्याला एकही सेंट पडायचा नाही. तिथून थोडं पुढे हेन्री स्ट्रीटवर लिलियन वाल्ड या परिचारिकेने चालवलेलं सेवाकेंद्र. तिच्या परिचारिका घरोघर जाऊन रुग्ण बघत, एका इमारतीतून दुसरीत गच्चीवरूनच जात, म्हणजे जिने वाचत.

संध्याकाळी ह्यूस्टन स्ट्रीटवर योना शिमेलच्या 1910 पासूनच्या दुकानात बटाट्याचा क्निश खाल्ला. पातळ आवरणात भरपूर बटाट्याचं सारण, तिखटाचा पत्ता नाही, वर मोहरीची चटणी. भूक भागते.

शनिवार: वॉशिंग्टन प्लेसपासून ब्रॉडवेपर्यंत

वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरची दहा मजली इमारत आज न्यूयॉर्क विद्यापीठाची आहे. 1911 मध्ये तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनी बायकांचे ब्लाउज शिवून घ्यायची. 25 मार्चला, शनिवारी, सुटायच्या वेळी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर निरोप गेला. नवव्यावर कुणी कळवलंच नाही. तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता. मुली चोरी करतील, न विचारता बाहेर जातील म्हणून कारखान्यांत दारं बंद ठेवायची चालच होती. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 146 जणांचा जीव गेला, बहुतेक जणी ज्यू आणि इटालियन, सगळ्यात लहान 14 वर्षांच्या.

2023 मध्ये इथे स्मारक झालं. डोक्यावर पोलादी पट्टी, तिच्यात आरपार कोरलेली नावं, आणि खाली काळी चकचकीत पट्टी. खाली बघितलं की वरची नावं आकाशावर लिहिल्यासारखी दिसतात. आम्ही ती सगळी वाचली. एकाच आडनावाच्या बहिणी, माय-लेकी आहेत. दरवर्षी 25 मार्चला लोक या मुलींच्या जुन्या पत्त्यांवर जाऊन फूटपाथवर खडूने त्यांची नावं लिहितात. काल आम्ही ज्या गल्ल्यांतून हिंडलो, त्यातले कितीतरी पत्ते तिथलेच आहेत.

मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांच्यावर खटला झाला आणि डिसेंबरात ते निर्दोष सुटले. दार कुलूपबंद असल्याचं त्यांना त्या क्षणी माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही. पुढच्या दिवाणी दाव्यांत एका जिवामागे 75 डॉलर भरपाई ठरली. हा आकडा वाचून भाची बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "मावशी, यांनी आधी संप केला होता ना?"

केला होता. म्हणून तिथून आम्ही कूपर युनियन या जुन्या महाविद्यालयाकडे चालत गेलो. 22 नोव्हेंबर 1909 च्या रात्री तिथल्या मोठ्या सभागृहात ब्लाउज कामगारांची सभा भरली होती. पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं चालली होती. तेवढ्यात क्लारा लेमलिच ही विशीतली कामगार मुलगी बोलायला उभी राहिली. आधीच्या एका संपात भाडोत्री गुंडांनी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ती यिद्दिशमध्ये म्हणाली की आता बोलणं पुरे, सार्वत्रिक संप करा. दुसऱ्या दिवसापासून वीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेक मुलीच. उच्चभ्रू घरांतल्या काही बायका त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. अल्वा बेलमाँट यांनी अटक झालेल्या मुलींना जामीन दिला. मताधिकाराची चळवळ आणि कारखान्यातल्या मुलींची चळवळ यांची गाठ इथे पडली, आणि 1917 मध्ये न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत मिळालं, देशभरात मिळायच्या तीन वर्षं आधी. ट्रँगलने मात्र त्या संपात संघटनेला मान्यता दिली नव्हती.

आगीच्या दिवशी फ्रान्सेस पर्किन्स जवळच चहाला आल्या होत्या. आरडाओरडा ऐकून धावल्या आणि त्यांनी उड्या मारणाऱ्या मुली डोळ्यांनी पाहिल्या. राज्याने नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाच्या कामात त्या उतरल्या. बाहेर उघडणारी दारं, पाण्याचे फवारे, आगीच्या कवायती, बायकांच्या कामाच्या तासांना मर्यादा, असे तिसाहून जास्त कायदे त्यातून झाले. 1933 मध्ये पर्किन्स देशाच्या श्रममंत्री झाल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री.

अ‍ॅस्टर प्लेसला सहा नंबरची गाडी पकडली. इथल्या भिंतीवर मातीच्या फरशांत बीव्हर हा प्राणी कोरलाय, कारण अ‍ॅस्टर घराण्याची संपत्ती त्याच्या कातड्याच्या व्यापारातली. 27 ऑक्टोबर 1904 ला ही रेल्वे सुरू झाली आणि पहिल्याच संध्याकाळी लाखाहून जास्त लोक फिरून आले. कुठूनही कुठेही जा, पाच सेंट. आणि डब्यांना वर्ग नाही. आपल्या मुंबईच्या लोकलला आजही पहिला आणि दुसरा वर्ग आहे. न्यूयॉर्कच्या गाडीत वकील आणि हातगाडीवाला एकाच बाकावर बसत होते, काळा आणि गोराही. त्याच वेळी देशाच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळ्या डब्यात बसायची कायद्याने सक्ती होती. पाच सेंटांचं भाडं 1948 पर्यंत, 44 वर्षं, टिकलं. आज तीन डॉलरच्या आसपास आहे.

ही गाडी शेवटच्या स्टेशनाला रिकामी होते, पण उतरलं नाही तर ती वळसा घेऊन उलटी फिरते, आणि त्या वळणावर 1904 चं मूळ सिटी हॉल स्टेशन खिडकीतून दिसतं. 1945 च्या अखेरीस ते बंद झालं. उजवीकडच्या काचेला नाक लावून बसलो. काही क्षण हिरव्या-तपकिरी कमानी, काचेची तावदानं, आणि छत पुन्हा ग्वास्ताविनोंच्या फरशांचं.

वर आलं की समोर वूलवर्थ इमारत. फ्रँक वूलवर्थ यांची पाच आणि दहा सेंटांत वस्तू विकणारी दुकानं देशभर होती. त्या कमाईतून त्यांनी 792 फुटांची ही इमारत बांधली, 1 कोटी 35 लाख डॉलर, कर्ज न काढता. 24 एप्रिल 1913 ला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये कळ दाबली आणि इथले दिवे लागले. 1930 पर्यंत जगात एवढी उंच इमारत दुसरी नव्हती. लॉबीत नाणी मोजणाऱ्या वूलवर्थची एक छोटी मूर्तीही आहे, पण आत फक्त आधी ठरवलेल्या गटांनाच सोडतात, म्हणून आम्ही बाहेरूनच मान वर करून पाहिलं. कंगवे, बाहुल्या, रिबिनी यांवर उभी राहिलेली इमारत. ती घेणाऱ्या अनेक जणी ट्रँगलसारख्या कारखान्यांत काम करत असतील.

रविवार: कोनी आयलंड

क्यू गाडीने तासभर. पाच सेंटांची भुयारी रेल्वे इथवर 1920 मध्ये आली आणि उन्हाळ्यातल्या रविवारी दहा-दहा लाखांची गर्दी व्हायला लागली. त्याआधीही स्टीपलचेस, लूना पार्क आणि ड्रीमलँड ही तीन मोठी करमणूक उद्यानं इथे होती. 1903 मध्ये लूना पार्क उघडलं तेव्हा अडीच लाख विजेचे दिवे लावले होते. ज्यांच्या घरी कोळशाची शेगडी आणि गॅसची मिणमिणती बत्ती होती, त्यांनी तो झगमगाट पाहिला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल!

स्टीपलचेसमध्ये रुळांवर धावणारे लाकडी घोडे होते, त्यावर मुलगा-मुलगी जोडीने बसत. आई-बापांच्या नजरेआड तरुण पोरापोरींनी हसत-खिदळत भेटायची ही पहिली सार्वजनिक जागा म्हणायला हरकत नाही. गावाकडे लग्न मध्यस्थ जुळवायचे. इथे आपला पैसा आपण मिळवणारी मुलगी आपण निवडायला लागली. अमेरिकन कुटुंब कसं बदललं हे सांगताना मी या लाकडी घोड्यांचा उल्लेख आधी करेन.

पण मला सगळ्यात जास्त शोध होता तो इन्क्युबेटरच्या प्रदर्शनाचा. 1903 पासून 1943 पर्यंत मार्टिन काउनी यांनी इथे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून लोकांना तिकीट लावून दाखवली. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या वेळी बहुतेक रुग्णालयांत अशी पेटी नव्हती, आणि अशी बाळं जगत नाहीत असंच डॉक्टर धरून चालत. काउनी आई-बापांकडून काही घेत नसत. परिचारिकांचा, दाईंचा, दुधाचा सगळा खर्च तिकिटांतून निघायचा. हजारो बाळं जगली. 27 मे 1911 च्या पहाटे, ट्रँगलच्या आगीनंतर दोनच महिन्यांनी, ड्रीमलँड जळून खाक झालं, आणि त्या आगीतून ही बाळं सुखरूप बाहेर काढली गेली. मी नातवंडांची आजी आहे. माझा एक नातू बत्तीस आठवड्यांचा झाला. त्या गर्दीने टाकलेल्या चिल्लर पैशांबद्दल मला फक्त कृतज्ञता वाटते.

हेही लिहिलं पाहिजे की माणसंच दाखवायला ठेवण्याचा धंदा इथे वेगळ्या प्रकारेही चालायचा. 1905 मध्ये फिलिपिन्सचे इगोरोत लोक आणून त्यांचं खोटं खेडं उभारलं होतं. कापडाच्या भोकातून डोकं बाहेर काढलेल्या काळ्या माणसाला चेंडू मारायचा खेळ होता, तोही थोड्याशा सेंटांत. न्हाणीघरांत काळ्यांना गोऱ्यांबरोबर प्रवेश नव्हता. भुयारी गाडीत शेजारी बसून आलेला माणूस किनाऱ्यावर उतरला की वेगळा व्हायचा.

सर्फ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर नेथन हँडवर्कर यांनी 1916 मध्ये काढलेलं दुकान अजून आहे. ते पोलंडहून आलेले, आधी फेल्टमनच्या मोठ्या उपाहारगृहात नोकरीला होते. तिथे दहा सेंटांना मिळणारा सॉसेजचा पाव त्यांनी पाच सेंटांना विकला. भाचीने तो खाल्ला, मी बटाट्याचे तळलेले काप घेतले. 1920 चा वंडर व्हील हा पाळणा अजून फिरतो. त्यात बसलो, वरून समुद्र आणि शहर दोन्ही छान दिसतात.

सोमवार: 116 आणि 135 वा रस्ता

एक नंबरच्या गाडीने कोलंबिया विद्यापीठ. सध्या ओळखपत्राशिवाय आत सहज सोडत नाहीत, पण अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूने चाललं की हार्टले हॉल आणि तेव्हाचा लिव्हिंगस्टन, आताचा वॉलाक हॉल या इमारती बाहेरूनच दिसतात. जुलै 1913 मध्ये 22 वर्षांचे भीमराव आंबेडकर इथे आले, वूलवर्थचे दिवे लागल्याला तेव्हा तीन महिनेच झाले होते. आधी ते हार्टलेमध्ये राहिले, पुढे लिव्हिंगस्टनमध्ये मित्र नवल भथेनांच्या सोबत. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, त्या वेळच्या भावाने सुमारे 56 डॉलर. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे आणि त्यातूनच पुस्तकं घ्यायची. सेलिग्मन, ड्युई, रॉबिन्सन हे त्यांचे गुरू. 9 मे 1916 ला मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातल्या जातींवरचा निबंध वाचला.

त्या शहरात त्यांनी काय काय पाहिलं, याचा विचार करत मी रस्त्याच्या पलीकडे बराच वेळ उभी होते. पाच सेंट देऊन कुणाच्याही शेजारी बसता येणारी गाडी या विद्यापीठाच्या दारात थांबत होती. जात विचारल्याशिवाय पाणी, वर्ग, वाचनालय मिळत होतं. आणि टेकडी उतरून चालत गेलं की हार्लेम, काळ्यांची वस्ती.

आम्हीही चालत उतरलो. हार्लेममध्ये भुयारी रेल्वे येणार म्हणून बांधकाम व्यावसायिकांनी वाजवीपेक्षा जास्त घरं बांधली आणि 1904-05 मध्ये भाव कोसळले. फिलिप पेटन या काळ्या व्यावसायिकाने रिकाम्या घरांच्या मालकांना गाठून तिथे काळे भाडेकरू बसवले. दक्षिणेतून माणसं येत राहिली. तीच घरं, पण काळ्यांना भाडं गोऱ्यांपेक्षा जास्त. 28 जुलै 1917 ला ईस्ट सेंट लुईस शहरातल्या काळ्यांच्या हत्याकांडाच्या निषेधात दहा हजारांच्या आसपास काळी माणसं फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून चालत गेली. बायका-मुलं पांढऱ्या कपड्यांत, घोषणा एकही नाही, फक्त ढोल. आयोजकांत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यु बॉइस होते. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच ड्यु बॉइसना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि ड्यु बॉइस यांचं उत्तरही आलं.

135 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर शोम्बर्ग सेंटर आहे. आर्तुरो शोम्बर्ग पोर्तो रिकोचे, न्यूयॉर्कच्या एका बँकेत नोकरी करत. काळ्या लोकांना इतिहास नाही असं त्यांना लहानपणी शाळेत ऐकायला मिळालं होतं. पगारातून त्यांनी जगभरच्या काळ्या लेखकांची, क्रांतिकारकांची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवली. 1926 मध्ये कार्नेगी संस्थेच्या दहा हजार डॉलरमधून वाचनालयाने तो संग्रह घेतला. आज त्याच्यावरच ही संस्था उभी आहे, आणि वाचायला कुणालाही पैसे पडत नाहीत. वाचनकक्षात एक आजोबा आपल्या घराण्याची दक्षिणेतली कागदपत्रं शोधत होते, ग्रंथपालबाई त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

शोम्बर्ग जुनी पुस्तकं धुंडाळत होते त्याच वर्षांत, त्याच शहरात, आंबेडकरांनी शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा काढून दोनेक हजार जुनी पुस्तकं जमवली. इतिहास नाकारलेल्या समाजातली ही दोन माणसं आपापल्या तुटपुंज्या पैशांतून एकच काम करत होती. महाराष्ट्रातून पुष्कळ लोक आता कोलंबियाला बाबासाहेबांची जागा बघायला जातात. त्यांनी तिथून टेकडी उतरून 135 व्या रस्त्यापर्यंत जरूर यावं. शोम्बर्ग सेंटर रविवारी बंद असतं, बाकी दिवशी निवांत वेळ काढून यावं.